बोलक्या मडक्यांची निवडणूक

मत झाकून का द्यायचं?

मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाबांचं बोट धरून मतदानाच्या रांगेत उभा होतो. बाबा म्हणाले, "गप उभा राहा." मग शाळेत गुरुजींना विचारलं. चांगलं काम माणूस उघड करतो, झाकून तर चोर काम करतो, मग मत का झाकायचं? गुरुजी म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही, बस खाली." पाचवीनंतर मी शाळा सोडली, पण प्रश्न काही सुटला नाही. माझी ताई शिक्षिका झाली तेव्हा तिलाही विचारलं. ती म्हणाली, "सांगते." पण तिनंही सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मग मला ही गोष्ट सांगावी लागली.

तांबडमाळ नावाचं एक गाव होतं. गावात निम्मी घरं कुंभारांची. माती तांबडी, भिंती तांबड्या, कोंबड्यांचे पायसुद्धा तांबडे. गावाच्या कडेनं एक ओढा वाहायचा आणि ओढ्यापलीकडे माळावर शाळा होती. पहिली ते चौथी. शिकवायला दोघं, कारंडे गुरुजी आणि माझी ताई. मुलं तिला बाई म्हणायची.

आम्ही परगावचे. मी ताईला रोज मोटारसायकलवरून गावापर्यंत आणायचो. पुढं ओढा, त्यामुळं गाडी अलीकडे लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि पाण्यातून शाळेत जायचं. ताईची साडी हमखास भिजायची. म्हणून तिनं शाळेच्या कपाटात एक जास्तीची साडी ठेवली होती. सुती, हिरवी, जांभळ्या काठांची. मला शाळा सुटेपर्यंत दुसरं काम नसायचं. मी तिथंच थांबायचो. बाईंचा भाऊ म्हणून मुलं मला मामा म्हणायला लागली. मला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि मी अख्ख्या शाळेचा मामा झालो.

एके दिवशी ताईनं पुस्तकातला लोकशाहीचा धडा वाचून दाखवला. लोकांनी, लोकांसाठी वगैरे. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "काय समजलं?"

नाम्या म्हणाला, "बाई, धडा संपला हे समजलं."

हा नाम्या चौथीतला, शाळेतला सगळ्यात आनंदी पोरगा. अभ्यासाशी त्याचं भांडण नव्हतं, फक्त ओळख नव्हती. ताईनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "ठीक आहे. वाचून समजत नसेल तर करून बघू. शनिवारी आपण शाळेचा मुख्यमंत्री निवडायचा. जो निवडून येईल तो एक गोष्ट ठरवणार आणि त्यात मी पडणार नाही, गुरुजीही पडणार नाहीत."

"कुठली गोष्ट बाई?"

"झोका."

सगळ्या शाळेनं एकदम बाहेर बघितलं.

शाळेपुढं एक चिंचेचं झाड होतं. त्याला टेंपोचं जुनं टायर टांगलेलं होतं. तोच झोका. दिसायला एकच टायर, पण शाळेतली सगळी भांडणं त्याच्यावरूनच व्हायची. सुट्टीची घंटा झाली की चौथीची पोरं पळत जाऊन त्याच्यात बसायची आणि पुढची घंटा होईपर्यंत उतरायची नाहीत. पहिली-दुसरीची बारकी मुलं चिंचेखाली उभी राहून नुसती माना इकडून तिकडे हलवायची. झोका बघून बघूनच त्यांना चक्कर यायची.

निवडणुकीला तिघं उभे राहिले.

पहिला गोरख. चौथीतला, दांडगा, आवाज मोठा. शाळेत खरा चेंडू एकट्या त्याच्याकडे होता. झोक्यावरही बहुतेक तोच असायचा. तो म्हणाला, "झोका आहे तसाच चालेल. जो आधी पळेल त्याचा."

दुसरी फरजाना. तिचे अब्बा टेंपोतून गावातली मडकी बाजाराला न्यायचे. झोक्याचं टायर त्यांनीच दिलेलं, पण फरजाना ते कधी बोलून दाखवायची नाही. ती म्हणाली, "आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. सगळ्यांना रोज."

तिसरा नाम्या. तो म्हणाला, "जेवणानंतर सगळ्यांनी झोपायचं. झोक्याचं नंतर बघू."

आता मतपेटी कुठून आणायची? पहिलीच्या मुलांना नावं वाचता येत नाहीत, मग चिठ्ठ्या कशा करायच्या? ताईनं तोड काढली. प्रत्येक उमेदवारानं घरून एक मडकं आणायचं. मडक्यावर चुन्यानं आपली खूण काढायची. मतदारानं पडद्याआड जायचं आणि हव्या त्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. चिंचोके झाडाखाली पडलेलेच होते.

शनिवारी सकाळी गोरख भलामोठा माठ डोक्यावर घेऊन आला. त्याच्या वडिलांनी भाजलेला, पक्का, देखणा. त्यावर त्यानं चेंडू काढला. फरजानाच्या घरी मडकी घडवत नाहीत, पण टेंपोत आपटून तडा गेलेली घरी पडून असतात. त्यातलंच एक ती घेऊन आली. त्यात कोंबड्यांचे दाणे असायचे, ते तिनं झाडून काढले आणि वर झोका काढला. नाम्यानं दह्याचं एवढंसं गाडगं आणलं आणि वर उशी काढली. उशी कुणाला ओळखू येईना, म्हणून तो प्रत्येकाला सांगत फिरला, "ही उशी आहे."

खिचडी शिजते त्या खोलीत तिन्ही मडकी ओळीनं मांडली. दाराला ताईची ती हिरवी साडी बांधली, झाला पडदा. ताईनं मला दारात उभं केलं आणि म्हणाली, "तू पोलीस."

नाम्या म्हणाला, "बाई, ह्या पोलिसाला मिशा नाहीत."

"मतदान झाकून असतं," ताई म्हणाली. "मिशा पण झाकल्यात असं समज."

मग तिनं सगळ्यांना बजावलं. आत कुणी बघायचं नाही. कुणाला मत दिलं ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. मुलांनी मोठ्यानं "हो बाई" म्हटलं आणि ओसरीवर रांग लागली. ताई रांगेच्या शेवटी पहिलीच्या मुलांना चिंचोके वाटत बसली.

पहिला मुलगा आत गेला. आतून आवाज आला, ठण्ण.

भिंतीला टेकून बसलेल्या गोरखनं मान डोलावली.

दुसरी मुलगी आत गेली. आवाज आला, बद्द. ती बाहेर आली तेव्हा गोरख तिच्याकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "सोमवारी चेंडूला हात लावायचा नाही. कळलं?"

हे सगळं मला नंतर कळलं. झालं होतं असं. ताई परगावची, मीही परगावचा. आम्हाला मडकं म्हणजे मडकं. पण तांबडमाळची पोरं पाळण्यात असल्यापासून मडक्यांचे आवाज ऐकत वाढलेली. भट्टीतून निघालेलं प्रत्येक मडकं तिथं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. पक्कं असलं तर ठण्ण वाजतं. तडा असला तर बद्द. लहान गाडगं वाजतं टिक. हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही. आपल्या आईचा आवाज ओळखायला आपण कुठं शिकतो?

पडद्याआड जाणारं मूल कुणाला दिसत नव्हतं. पण त्याचं मत सगळ्या ओसरीला ऐकू येत होतं.

रांगेतल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यानंतर जो आत जाईल त्याचा ठण्णच वाजायला लागला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. कुणाला चेंडू हवा होता, कुणाला गोरखच्या शेजारी बसायचं होतं, कुणाला नुसतीच भीती वाटत होती. फरजाना खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. मध्येच एकदा टिक वाजलं. तो नाम्याच होता.

मग पमीचा नंबर आला.

पमी दुसरीत होती, आणि ती गोरखची सख्खी बहीण. इतकी बारकी की ओढ्याचं पाणी तिच्या कमरेला लागायचं. गोरख रोज तिला पाठीवर घेऊन ओढा पार करायचा. सकाळी एकदा, शाळा सुटल्यावर एकदा. तसा भाऊ चांगला होता तो. पण त्याला जिंकायचं होतं. पमी उठली तशी तो तिच्या कानात म्हणाला, "पमे, ठण्ण वाजलं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून ओढ्यातून तुझी तू ये."

पमीनं झोक्याकडे बघितलं. शाळेत आल्यापासून ती त्यात एकदाही बसली नव्हती. मग तिनं ओढ्याकडे बघितलं. मग ती आत गेली.

ओसरी कान देऊन बसली. ठण्ण नाही. बद्द नाही. टिकही नाही. आत पमी होती की नव्हती तेच कळेना.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. एक गाल फुगलेला.

ताई उठून आली. "पमे, मत दिलंस?"

पमीनं मान हलवली. नाही.

"का गं? आणि तोंडात काय आहे?"

पमीनं ओंजळ पुढं केली आणि तोंडातला चिंचोका तिच्यात काढला. ओला, चकचकीत. मग ती म्हणाली, "बाई, मडकी बोलतात."

ताईला आधी कळलं नाही. मग तिनं एक चिंचोका घेतला आणि आत गेली. मुलांना म्हणाली, "सगळ्यांनी डोळे मिटा." आतून आवाज आला, बद्द. सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "फरजाना." टिक. "नाम्या." ठण्ण. "गोरख." पहिलीतली मुलंसुद्धा चुकली नाहीत.

ताई बाहेर आली ती हसतच. इतकी हसली की पायरीवर बसावं लागलं. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "अरे, मी अख्खी निवडणूक लाउडस्पीकरवर घेतली की. ही धरायची नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा."

गोरख उभा राहिला. "बाई, असं कसं? मी जिंकत होतो."

"तू जिंकत नव्हतास रे," ताई म्हणाली. "तू ऐकत होतास."

गोरख खाली बसला. पमी तिथंच उभी होती. तिनं विचारलं, "बाई, माझा चिंचोका मी ठेवू?"

"ठेव. जपून ठेव. पण तोंडात नको."

त्या दिवशी घरी जाताना मी गाडीवरून मान वळवून पुन्हा विचारलं, "ताई, मत झाकून का द्यायचं, ते सांग की आता."

"पुढं बघून चालव आधी," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ते सांगण्यासारखं नाही रे, बघण्यासारखं आहे. पुढच्या शनिवारी बघ."

पुढच्या शनिवारी ताई नव्हती. ताप आला आणि ती गेली. सगळे म्हणतात, देवाच्या मनात होतं. असेल. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही. ह्याच्यापुढं मला त्यावर बोलता येत नाही. गोष्ट निवडणुकीची आहे, ती सांगतो.

पुढं एका शनिवारी आई मला म्हणाली, "तिची एक साडी शाळेत राहिली आहे. तेवढी घेऊन ये बाळा." म्हणून मी तांबडमाळला गेलो. गाडी ओढ्याअलीकडे लावली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यातून चालत गेलो.

खिचडीच्या खोलीच्या दाराला साडी तशीच बांधलेली होती. कुणी सोडली नव्हती. आत तिन्ही मडकी तशीच ओळीनं. मला एकदम वाटलं, सगळी मडकी उचलावीत आणि अंगणात आपटावीत. मी माठ उचललासुद्धा.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, मतदान आज आहे का?"

दारात सगळी शाळा उभी होती. कुणी नाकातला शेंबूड ओढत, कुणी एकाच पायात चप्पल घालून. कारंडे गुरुजी मागं होते. ते म्हणाले, "रोज विचारतात रे. मी म्हटलं, राहू दे आता."

मी माठ खाली ठेवला. म्हणालो, "नाही होणार आता. बाई नाहीत."

नाम्या म्हणाला, "मग माझ्या भाषणाचं काय? मी पाठ केलंय. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पाठ केलंय."

कुणी हसलं नाही. मग पमी पुढं आली. तिनं मूठ उघडली. मुठीत तो चिंचोका होता, हाताळून हाताळून काळाकुळकुळीत झालेला. ती म्हणाली, "बाईंनी जपून ठेव म्हणून सांगितलं होतं. मी ठेवलाय. तोंडात नाही घातला."

मी फार विचार करणारा माणूस नाही. मी दाराला बांधलेल्या त्या साडीचा पदर धरला आणि टरकन फाडला. पोरांचे डोळे मोठे झाले. गुरुजी म्हणाले, "अरे, अरे." मी मडक्यांतले जुने चिंचोके ओतून टाकले, पदराचे तीन तुकडे केले, त्यांच्या घड्या घातल्या आणि तिन्ही मडक्यांच्या तळाशी एकेक घडी बसवली. मग एक चिंचोका माठात टाकला.

काही वाजलं नाही.

मडक्यात टाकला. काही नाही. गाडग्यात टाकला. तिथंही नाही. पोरांनी कान टवकारले होते. एकेकाच्या तोंडावर हसू यायला लागलं. फरजाना म्हणाली, "मुकी झाली."

"चला," मी म्हणालो. "रांग लावा. आणि मीच पोलीस."

"अजून मिशा नाहीत," नाम्या म्हणाला. ह्या वेळी सगळे हसले. मीसुद्धा.

रांग लावायच्या आधी नाम्यानं आपलं भाषण करून घेतलं, आणि मग एक गंमत झाली. गोरखनं येऊन माठात वाकून बघितलं, पेरानं बाहेरून टकटक केलं, आत एक चिंचोका टाकून ऐकलं. मग तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. आता कोण कुणाला मत देतंय ते त्याला कळणार नव्हतं. म्हणजे धमकी कुणाला द्यायची ते कळणार नव्हतं. शेवटी तो पहिलीच्या मुलांपुढं जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा बसून बोलला असेल. म्हणाला, "मला मत द्या ना. तुम्हालापण चेंडू देईन."

पहिलीतला एक पोरगा म्हणाला, "आत्ता दे."

गोरखनं इकडेतिकडे बघितलं आणि दिला. चेंडू हातात आल्यावर त्या पोरानं शांतपणे विचारलं, "आणि झोका?"

गोरख उठून भिंतीकडे गेला.

टाकून बघितलेले चिंचोके मी काढून घेतले आणि मतदान सुरू झालं. पदर फाडल्यामुळं पडदा आखूड झाला होता. आत गेलेल्याचे गुडघ्याखालचे पाय बाहेरून दिसायचे. कुणाचे मातीनं भरलेले, कुणाच्या पायात काळा दोरा. पाय दिसत होते, पण ते कुठल्या मडक्यापुढं थांबलेत ते काही केल्या कळत नव्हतं, कारण पोरं भलतीच हुशार निघाली. प्रत्येक जण तिन्ही मडक्यांपुढून चालत जायचा आणि तसाच परत यायचा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गोरख भिंतीला कान लावून बसला होता. त्याला बाहेरच्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

पमी आत गेली. तिचे पाय मला दिसले. तीही तिन्ही मडक्यांपुढून गेली आणि प्रत्येकापुढं टाचा उंच केल्या. मग टाचा खाली टेकल्या आणि ती बाहेर आली. दोन्ही हात रिकामे, दोन्ही गाल सपाट. ती गोरखच्या समोरून चालत जाऊन आपल्या जागी बसली. त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा.

मोजणी गुरुजींनी केली. तिन्ही मडकी सगळ्यांसमोर पालथी केली. माठातून चिंचोक्यांचा चांगला ढीग पडला. चौथीची पोरं ओरडली. मग तडा गेलेल्या मडक्यातून ढीग पडला, आणि तो त्याहून मोठा निघाला. बारकी पोरं इतकी ओरडली की चिंचेवरचे कावळे उडाले. नाम्याच्या गाडग्यातून फक्त साडीचा तुकडा पडला.

गुरुजी म्हणाले, "नामदेवा, तू स्वतःलासुद्धा मत दिलं नाहीस?"

"नाही गुरुजी," नाम्या म्हणाला. "भाषण चांगलं झालं, पण माणूस बरोबर वाटला नाही."

गोरख उभा होता. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ह्यानं दिलं नसेल? की त्यानं? की तिनं? सगळी तोंडं सारखीच दिसत होती. कुणावर रागवायचं तेच त्याला कळेना. सगळ्यांवर रागवावं तर उद्या खेळायचं कुणाशी? मग त्या पहिलीतल्या पोराला म्हणाला, "बघतोस काय, चेंडू टाक इकडे." पोरानं टाकला. गोरखनं झेलला आणि परत टाकला. त्यांचा खेळ सुरू झाला.

फरजानानं मुख्यमंत्री झाल्या झाल्या पहिलीला झोक्याकडे पळवलं. मग दुसरीला. पमी टायरमध्ये बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. फरजानानं मागून ढकललं. झोका वर गेला तशी पमी तोंड उघडून हसली, खाली आला तशी घट्ट मिटून. पुन्हा वर, पुन्हा खाली. गोरख चेंडू काखेत धरून तिच्याकडे बघत होता.

शाळा सुटली. पोरं ओढ्याकडे निघाली. गोरखनं रोजच्यासारखी पाठ वाकवली आणि पमी रोजच्यासारखी चढली. मी काठावर उभा होतो. ओढा रुंद नाही, मधलं बोलणं काठावर ऐकू येतं.

पाण्याच्या मधोमध गोरख थांबला.

"पमे, खरं सांग. कुणाला दिलंस?"

"बाई म्हणाल्या होत्या, सांगायचं नाही."

"बाई आता नाहीत."

"म्हणून तर सांगायचं नाही."

गोरख तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या मांड्यांना लागून वाहत होतं. पमीनं दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला धरलं होतं. तिनं काही म्हटलं असतं, हे किंवा ते, तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. तिनं काहीच म्हटलं नाही. मग त्यानं तिला पाठीवर नीट वर उचलून घेतलं आणि म्हणाला, "घट्ट धर. पुढं शेवाळ आहे." आणि चालायला लागला.

पलीकडे पोचेपर्यंत दोघं भांडायलाही लागले होते, चेंडू कुणी धरायचा ह्यावरून.

मी बराच वेळ ओढ्याकडे बघत होतो. ताई म्हणाली होती, बघ. मी बघितलं.

मग शाळेत परत आलो. गुरुजी कुलूप घेऊन उभे होते. मी दाराची साडी सोडली. बिनपदराची, आखूड, हिरवी, जांभळ्या काठांची. तिला अजून ताईच्या पावडरचा वास होता. घरी आई वाट बघत होती. मी साडीची घडी घातली, गोरखच्या माठात नीट ठेवली, वर तीन तुकडे ठेवले आणि माठावर झाकण घातलं. मग तो माठ उचलून फळीवर ठेवला, पुढच्या वर्षीच्या पोरांना दिसेल असा. आणि रिकाम्या हातानं ओढा उतरलो.

तात्पर्य: मत झाकून द्यावं. मग देणाऱ्याला कुणाची भीती राहत नाही, आणि हरणाऱ्याला कुणी वैरी राहत नाही.